उललेलं अंग, कढत पाणी अन् आंघोळीनंतरची तीन मिनिटं

दिवाळी सरली की आमच्या परभणीत हवा एका रात्रीत बदलते. पेपरात कृषी विद्यापीठाचा आकडा यायला लागतो, आज पारा १० वर, आज ९ वर, अन् इकडे लेकरांच्या गालावर अन् नडगीवर पांढरी भुकटी दिसायला लागते, नख ओढलं की पाटीवर खडूने ओढावी तशी रेघ उमटते. माझी लेक मागच्या हिवाळ्यात पावणेदोन वर्षांची होती. रात्री दोन वाजता उठून बसायची अन् घोट्यापाशी खाजवत रडायची, मी अंधारातच हात फिरवला की बाभळीच्या सालीवरून फिरवल्यासारखा लागायचा.

त्या दिवसांत जितक्या बायका भेटल्या तितके सल्ले मिळाले. सासूबाई म्हणायच्या, "आगं कढत पाण्यानं चांगलं रगडून घाल, मळ निघाला की आपोआप मऊ पडतंय." शेजारच्या ताई म्हणाल्या आंघोळच कमी करा, पाण्यानेच कातडी उलते. मोबाईलवर एकजण सांगते रोज घाला, दुसरी सांगते आठवड्यातून दोनदाच. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, तिचं पुढे सांगते. शेवटी लेकरांच्या एका डॉक्टरांनी मला समोर बसवून वीस मिनिटं नीट समजावलं, अन् मग मीही मिळेल ते वाचत गेले. ते सगळं इथे मांडतेय, कारण दर हिवाळ्यात घरोघरी हाच गोंधळ होतो अन् त्यात लेकरू रातभर खाजवतं अन् माय रातभर जागते.

आधी कातडी म्हणजे काय ते बघू

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं डोळ्यापुढे आणा. दगडाची भिंत, दगडा-दगडाच्या मधी माती. दगड कितीही चांगले असू द्या, मधली माती वाहून गेली की भिंतीतून वारं येतं, पाणी येतं, विंचू पण येतो. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर अगदी असाच रचलेला असतो. दगड म्हणजे चपट्या, मेलेल्या पेशी अन् मधली माती म्हणजे तेलकट पदार्थ, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे त्यांची नावं. हा थर कागदापेक्षा पातळ असतो, पण आतलं पाणी उडून जाऊ न देणं अन् बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येऊ न देणं ही दोन्ही कामं तोच करतो. डॉक्टर त्याला स्किन बॅरिअर म्हणतात, मी आपली भिंतच म्हणणार.

लेकराची भिंत मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. शिवाय वजनाच्या मानाने लेकराच्या कातडीचा पसारा जास्त असतो, म्हणजे कणकेचा एक मोठा गोळा ठेवा अन् तेवढ्याच कणकेचे दहा बारके गोळे ठेवा, बारके आधी वाळतात ना, तसं. त्यामुळे ज्या हवेत आपले नुसते ओठ उलतात त्या हवेत लेकराचं सगळं अंग उलतं.

अन् काही लेकरांची भिंत जन्मापासूनच कच्ची असते. फिलॅग्रीन नावाचं एक प्रथिन आहे, ते त्या पेशी घट्ट बांधायला मदत करतं अन् त्याचे तुकडे होऊन कातडीत पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं की ज्यांच्या अंगात या प्रथिनाचा जीन बिघडलेला असतो त्यांना खरखरीत कातडीचा अन् इसबाचा त्रास होण्याची शक्यता बरीच जास्त असते. इसब म्हणजे नुसता कोरडेपणा नाही बरं का, कोरडेपणावर लालसर चट्टे, जबरदस्त खाज, अन् परत परत येणं, हे सगळं मिळून इसब. तान्ह्या लेकरांत गालावर येतो अन् चालायला लागलेल्या लेकरांत कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागं, मनगटावर.

हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्या लेकीचे गाल लाल झाले तेव्हा मला नातेवाइकांनी विचारलं होतं की गरोदरपणात काय उष्ण खाल्लंस, वांगी खाल्ली होतीस का. एकीने तर सांगितलं की तुझं दूधच लेकराला मानवलं नाही. मी रात्री त्यावर रडलेय. नंतर कळलं की माझ्या नवऱ्याला लहानपणी असाच त्रास होता अन् त्याच्या आत्याला दमा आहे, अन् इसब, दमा, सारखी सर्दी-शिंका हे एकाच घराण्यात फिरत राहणारे प्रकार आहेत. आईनं काय खाल्लं त्याचा यात दोष काढू नका, कुणाच्याच सुनेला असं बोलू नका.

पाणी चांगलं का वाईट? रानाचं गणित

हे ज्यांनी रान पाहिलंय त्यांना लगेच कळेल. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. त्यावर नुसतं पाणी सोडलं अन् वर काही आच्छादन नसलं तर दोन दिवसांत ऊन-वारा ते पाणी ओढून घेतो अन् रान पहिल्यापेक्षा कडक होतं. पण त्याच रानाला पाणी दिलं, वाफसा आला, अन् वर मल्चिंग पेपर अंथरला तर ओल टिकते. अन् उलटं, कोरड्या ठाक रानावर नुसता पेपर अंथरला तर खाली ओलच नाही तर टिकणार काय?

आंघोळ म्हणजे रानाला पाणी. क्रीम किंवा मॉइश्चरायझर म्हणजे मल्चिंग. आंघोळ घातली अन् लेकराला तसंच कपडे घालून सोडलं की अंगावरचं पाणी उडताना कातडी आणखी ताणली जाते, म्हणून शेजारच्या ताईंना वाटतं पाण्यानेच अंग उलतंय. अन् आंघोळीनंतर दोन तासांनी, अंग कोरडं झाल्यावर क्रीम चोपडलं तर धरून ठेवायला ओलच राहिलेली नसते. अंग टिपून घेतलं, कातडी किंचित ओलसर आहे, म्हणजे वाफसा आहे, तेव्हाच क्रीम लावायचं. डॉक्टर लोक साधारण तीन मिनिटं धरतात. मला एवढी एकच गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर लेकीचा तो सगळा डिसेंबर सुखाचा गेला असता.

मग रोज घालायची का दोन दिवसांआड?

यावरून घराघरात भांडणं होतात. ब्रिटनमधे नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने यावर थेट चाचणी झाली, २०२५ साली तिचा निकाल आला. इसब असलेले चारशेहून जास्त लोक, त्यात वर्षाच्या लेकरापासून मोठी माणसं, एका गटाने जवळजवळ रोज आंघोळ केली अन् दुसऱ्याने आठवड्यातून एक-दोनदा. चार आठवड्यांनी दोन्ही गटांच्या इसबात काही फरक निघाला नाही.

म्हणजे रोज घाला म्हणणाऱ्याही चुकीच्या नाहीत अन् कमी घाला म्हणणाऱ्या शेजारच्या ताईही नाहीत. आपल्याकडे धूळ आहे, लेकरं अंगणात मातीत खेळतात, उन्हाळ्यात घाम येतो अन् घामाने खाज वाढते, म्हणून मी रोज घालते. पण ज्यांच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो, टँकरच्या पाण्यावर घर चालतं त्यांनी अपराधी वाटून घ्यायची अजिबात गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हाही लेकरं होतीच की घराघरात. अशा दिवसांत तांब्याभर कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून मान, काखा, जांघा, हात-पाय पुसून घ्या अन् लगेच ओलसर अंगावर क्रीम लावा, काम भागतं. क्रीम मात्र आंघोळ असो नसो रोज दोन वेळा.

कढत पाणी

खरं सांगते, सगळ्यात अवघड हेच गेलं. आपल्याकडे बंबातलं वाफाळतं पाणी, लेकरू लालबुंद होईस्तोवर न्हाऊ घालायचं, मग धुरी द्यायची, मग ते गाढ झोपतं, ही पिढ्यान् पिढ्यांची माया आहे अन् ती मायाच आहे. पण तूप लागलेलं भांडं गार पाण्याने निघत नाही अन् कढत पाण्याने झटक्यात निघतं, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. भिंतीतली तेलकट माती पण अशीच निघून जाते. वरून गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात अन् खाज वाढते.

पाणी अंगाच्या उबेइतकंच पाहिजे, ३७-३८ अंश. थर्मामीटर कुणी न्हाणीत नेत नाही, कोपर बुडवून बघा, कोपराला ना गार ना गरम लागलं पाहिजे. तळहाताने बघू नका, भाकरी थापून थापून आपल्या तळहाताला चटका कळेनासा झालेला असतो. सासूबाईंना मी वाद घालून नाही पटवलं. त्यांचाच हात धरून म्हणाले, "आई, तुम्ही कोपर घालून बघा अन् तुम्हाला बरं वाटेल तेवढंच पाणी घाला," मग त्यांनीच विसण घालून पाणी सारखं केलं. थंडी वाजेल ही त्यांची भीती खरी होती, म्हणून न्हाणीचं दार लावून घेतो, टॉवेल अन् क्रीमचा डबा आधीच आत नेऊन ठेवतो अन् पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरकतो.

धुरी मात्र आम्ही बंद केली. धुराने डोळे, नाक, छाती सगळ्यालाच त्रास होतो अन् दम्याचं घराणं असेल तर आणखीच.

साबण, डाळीचं पीठ अन् साय

कातडी थोडी आंबट असते. आंबट-खारं मोजायचं माप म्हणजे पीएच, सातच्या खाली आंबट अन् सातच्या वर खारं. कातडीचा पीएच पाचच्या आसपास, अन् नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा, म्हणजे खायच्या सोड्याच्या पाण्याहूनही खारा. एवढ्या खाऱ्या साबणाने मधली माती तर धुतली जातेच, वर भिंत दुरुस्त करणारी कातडीतली यंत्रणा पण मंदावते, कारण तिला काम करायला आंबटपणा लागतो.

मग कुणी म्हणतं टीएफएम बघून घ्या. टीएफएम म्हणजे साबणात तेल-चरबीचा अंश किती ते, ७६ टक्के किंवा वर असेल तर पहिल्या ग्रेडचा साबण. चांगल्या साबणाची ती खूण आहे हे बरोबर, पण ग्रेड कुठलाही असो, साबण तो साबणच, खाराच. लेकरासाठी मेडिकलमधे सिन्डेट बार मिळतात, दिसायला वडीच पण साबण नाही, पीएच कातडीच्या जवळचा. तो महाग वाटत असेल तर सरळ साबणच कमी करा. लेकराच्या पोटाला, पाठीला, मांड्यांना रोज साबण कशाला पाहिजे? हात, पाय, काखा, जांघा, बस. ते पण शेवटी, म्हणजे साबणाच्या पाण्यात लेकरू बसून राहत नाही. वास नसलेला घ्या. वेष्टनावर हर्बल, नॅचरल, बेबी असं लिहिलेलं असलं तरी आत अत्तर असतंच बऱ्याचदा अन् अत्तर हेच चुरचुरायचं मोठं कारण. पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतायची सवय पण सोडा, उललेल्या अंगाला ते झोंबतं.

आता डाळीचं पीठ. धडधाकट कातडीच्या लेकराला कुणी लावलं तर मी काही बोलणार नाही. पण उललेल्या, भेगाळलेल्या कातडीवर दोन कारणांनी नको. एक तर ते खरखरीत, लव जावी म्हणून गोळा फिरवला की भिंतीचे दगडच निघतात. दुसरं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. खायच्या पदार्थाची ओळख पोटातून झाली तर शरीर त्याला आपलं मानतं, पण तोच पदार्थ फुटक्या भिंतीतून आत शिरला तर शरीर त्याला चोर समजतं अन् मग खाल्ल्यावर पण ॲलर्जी उठू शकते. २००३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं की शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या लेकरांत, तान्हेपणी पुरळ आलेल्या अंगावर शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावलेली लेकरं जास्त निघाली. म्हणून उललेल्या अंगावर डाळीचं पीठ, दूध, साय, शेंगदाण्याचं कच्चं तेल काही नको. खाऊ घाला, लावू नका.

आमचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचं काय?

मराठवाड्यातला बहुतेक खडक बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार येतात, म्हणून बादलीला पांढरा थर बसतो, हीटरच्या कॉइलवर पापुद्रे येतात, डाळ लवकर शिजत नाही. साबणाला फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो अन् क्षार अन् साबण मिळून जी चिकट साय तयार होते ती लेकराच्या अंगावरच राहते. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हे मोजून दाखवलं, जड पाण्याने धुतलं की फेस आणणारं रसायन कातडीवर जास्त चिकटून राहतं.

मग घरोघर फिरणारे सॉफ्टनर विकणारे म्हणतात मशीन बसवा, लेकराची खाज जाईल. थांबा. इंग्लंडमधे इसब असलेल्या ३३६ लेकरांच्या घरात हे करून बघितलं, काहींच्या घरी सॉफ्टनर बसवला, काहींच्या नाही, २०११ साली निकाल आला, इसबात फरक पडला नाही. मशीन घेऊ नका असं मी म्हणत नाही, कपड्यांसाठी, नळासाठी घ्यायचं तर घ्या, पण लेकराच्या कातडीच्या नावावर कर्ज काढू नका. पाणी जड असेल तर साबण कमी वापरा अन् शेवटी दोन तांबे स्वच्छ पाणी जास्त ओता. कपड्यांचं पण तसंच, पावडर कमी अन् खंगाळणं एकदा जास्त.

तेल जिरवायचं का नाही?

आपण तेल लावतो आंघोळीच्या आधी, अर्धा तास मालिश करतो, मग डाळीच्या पिठाने नाहीतर साबणाने अन् कढत पाण्याने ते सगळं घासून काढतो. म्हणजे लावलेलं तेल मोरीत गेलं. अन् ज्या क्षणी लेकराला तेलाची खरी गरज आहे, आंघोळ झाल्यावर, तेव्हा त्याच्या अंगावर पावडर जाते. पावडर ओल शोषते, कोरड्या कातडीला ती नकोच, अन् उडालेली पावडर लेकराच्या छातीत जाते ती वेगळीच काळजी.

मालिश बंद करू नका. आजीचा हात अंगावर फिरतो तेव्हा लेकरू ज्या नजरेने बघतं त्याला औषधाच्या दुकानात पर्याय नाही. फक्त रगडू नका, तेल काढायला साबण वापरू नका, अन् आंघोळीनंतर परत थोडं तेल किंवा क्रीम लावाच.

कुठलं तेल? खोबऱ्याचं चांगलं. फिलिपिन्समधे इसब असलेल्या ११७ लेकरांवर २०१४ साली चाचणी झाली, त्यात शुद्ध खोबरेल तेल हे मिनरल ऑइलपेक्षा, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या तेलापेक्षा, सरस ठरलं. परदेशी बाटलीतलं ऑलिव्ह ऑइल बारशाला भेट येतं, ते लावू नका, शेफील्डच्याच २०१३ च्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या कातडीवर ऑलिव्हने भिंत सैल केली अन् सूर्यफुलाने केली नाही. कारण ऑलिव्हमधे ओलेइक आम्ल जास्त अन् सूर्यफुलात लिनोलेइक, हे दुसरं कातडी सिरॅमाइड बनवायला वापरते. अन् इथे मला आपल्या मातीचं सांगायचंय. जुन्या वाणाच्या करडईच्या तेलात हे लिनोलेइक आम्ल सूर्यफुलाहूनही जास्त, साधारण ७० टक्क्यांच्या पुढं असतं. मराठवाडा म्हणजे करडईचा मुलूख, आमच्या विद्यापीठाने काढलेला परभणी कुसुम वाण लांबपर्यंत गेला. माझी आजी हिवाळ्यात करडईचंच तेल हातापायाला लावायची. साधं कोरडं अंग असेल तर हे तेल आंघोळीनंतर हलक्या हाताने लावायला हरकत नाही. मोहरीचं तेल मात्र लेकराच्या अंगाला झोंबतं. अन् अंग भेगाळलेलं असेल, इसब असेल, तर नुसत्या तेलावर राहू नका, तेल पातळ, मल्चिंगचा पेपरच फाटका असल्यासारखं होतं. तिथं जाड क्रीमच पाहिजे.

क्रीम कुठलं अन् किती

लोशन, क्रीम, जेल अन् ऑइंटमेंट हे चार प्रकार, लोशनमधे पाणी जास्त अन् ऑइंटमेंटमधे चिकटपणा जास्त. दुकानात ६० रुपयांपासून हजारापर्यंत सगळं दिसतं अन् महागडंच चांगलं असणार असं वाटतं. इंग्लंडमधे ५५० लेकरांना हे चार प्रकार वाटून दिले होते, २०२२ साली निकाल आला, चौघांत कमी-जास्त कुणी निघालं नाही. ज्याने लेकरू रडत नाही, आपल्या खिशाला जे परवडतं अन् म्हणून जे आपण रोज लावतो, ते आपल्यासाठी चांगलं. मी हिवाळ्यात रात्री जाड अन् सकाळी पातळ लावते, उन्हाळ्यात ४२ अंशात जाड लावलं की घामोळं येतं म्हणून तेव्हा दोन्ही वेळा पातळ.

आंघोळीच्या पाण्यात टाकायची तेलं पण विकतात. ब्रिटनमधे जवळजवळ ५०० लेकरांवर त्याची चाचणी झाली, २०१८ मधे, अंगाला क्रीम चालूच असताना पाण्यात तेल टाकून वेगळा फायदा दिसला नाही. वर न्हाणीतली फरशी घसरडी होते. ते पैसे क्रीमच्या मोठ्या डब्यात घाला.

अन् किती लावायचं यात आपण सगळ्याजणी चुकतो. बोटावर घेऊन गालाला टिपके लावतो अन् ३० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत इसब असलेल्या लेकराला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लिहिलंय. मला तो आकडा वाचून धक्काच बसला होता. तेवढं परवडलं नाही तरी अंग चकाकेल इतकं तरी लावा, मी म्हणेन. डब्यात बोटं बुडवू नका, चमच्याने काढून घ्या म्हणजे जंतू जात नाहीत. लवेच्या दिशेने, वरून खाली हात फिरवा, उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी बारीक फोड येतात.

"पण पेट्रोलियम जेली म्हणजे रॉकेलच की"

हे मला माझ्या वडिलांनी विचारलं. सगळ्यात स्वस्त अन् ओल सगळ्यात घट्ट धरून ठेवणारा पदार्थ हाच, म्हणून नीट सांगते. ती खनिज तेलापासूनच निघते हे खरं. अमेरिकेत रॉबर्ट चेजब्रो यांनी १८७२ साली तिचं पेटंट घेतलं अन् तिलाच व्हॅसलीन नाव दिलं. पण औषधी दर्जाची जेली इतकी शुद्ध केलेली असते की तिच्यात ना रंग, ना वास, ना कुठलं प्रथिन, म्हणून तिची ॲलर्जी अगदी क्वचित. ती आत मुरत नाही, वर बसून राहते, अन् आपल्याला तेच तर पाहिजे. साधी, बिनवासाची घ्या.

एक धोका मात्र आहे अन् आपल्या घरांत तो खरा आहे. जेली किंवा कुठलंही तेलकट क्रीम कपड्यात मुरलं की तो कपडा चटकन पेट घेतो, धुऊनही पूर्ण जात नाही. क्रीम लावलेलं लेकरू चूल, शेकोटी, बंब, उदबत्तीपासून लांब ठेवा.

मेडिकलवाल्याची ट्यूब

मला मिळालेली ट्यूब तीन-चार औषधांची खिचडी होती, त्यात जोरदार स्टिरॉइड, म्हणजे लाली अन् सूज झटक्यात दाबणारं औषध. तीन दिवसांत गाल एकदम गोरे, गुळगुळीत, मी आनंदात, अन् बंद केल्यावर आठवड्यात दुप्पट लाल. अशी मलमं मनाने लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, अन् नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला.

पण याची दुसरी बाजू पण तितकीच खरी. डॉक्टरांनी लेकराला बघून, सौम्य मलम, इतके दिवस, इथेच, असं लिहून दिलं असेल तर भिऊन अर्ध्यात सोडू नका. भिंतीला आग लागली की आधी ती विझवावी लागते, लिंपण नंतर. क्रीम म्हणजे लिंपण, ते आग लागलेल्या दिवसांतही अन् विझल्यावरही चालूच.

तसंच गालावरचे फिकट पांढरे चट्टे बघून जंताचं औषध अन् कॅल्शियम चालू करतात. बहुतेक वेळा ते कोरडेपणाचेच असतात, रंग सावकाश भरतो. लेकराचं दूध, अंडी मनाने बंद करू नका, वाढीच्या वयात त्याचं नुकसान मोठं. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती झबलं घाला. नखं आठवड्याला कापा.

दवाखान्यात कधी न्यायचं

चट्ट्यांतून पाणी येतंय, पिवळी खपली धरलीय, किंवा अंग तापलंय, तर जंतू शिरलेत, त्याच दिवशी न्या. एकसारखे बारीक फोड झपाट्याने उठले, मधे खड्डे पडल्यासारखे अन् लेकरू मलूल झालं तर रात्र असली तरी थांबू नका. घरातल्या दोघा-तिघांना रात्रीच खाज सुटतेय, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, तर ती खरूज असू शकते, ती क्रीमने जाणार नाही अन् सगळ्या घराने एकदम औषध घ्यावं लागतं. गोल चट्टा, कडा उठलेली अन् मधला भाग साफ, तो नायटा. अन् यातलं काही नाही पण दोन आठवडे नेमाने दोन वेळा क्रीम लावूनही लेकरू रात्री खाजवायलंय, झोपत नाही, तरी न्याच. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा अन् साबणाचं वेष्टन पिशवीत घालून न्या, अन् रात्री चट्टे जास्त लाल असतात तेव्हाचा फोटो मोबाईलमधे काढून ठेवा, दुपारी डॉक्टरांसमोर जाईपर्यंत ते बरेचदा फिके पडलेले असतात.